बाल्बिनाच्या बेटावर

पाद्रीबाबांनी रविवारच्या प्रार्थनेनंतर जाहीर केलं की या ऑगस्टात आपल्या बँडला समोरच्या साओ जॉर्ज बेटावरच्या जत्रेचं आमंत्रण आलं आहे, तेव्हा चर्चमधल्या अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि उरलेल्यांनी माना वळवून इदालिनाकडे पाहिलं. मी माना वळवणाऱ्यांत होतो. ती समोर बघत बसली होती. मांडीवरच्या रुमालाची घडी मोडायची, पुन्हा घालायची, पुन्हा मोडायची, एवढंच तिचं चाललं होतं.

इदालिना आमच्या बँडमध्ये पहिली क्लॅरिनेट वाजवायची. ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई, नवरा अमांदियो गाईंच्या मागे. तिचे वडील लाउरियानो जन्मभर क्लॅरिनेट वाजवत आले होते; समोरचे दात पडले तेव्हा त्यांनी वाद्य मुलीच्या हातात दिलं. बायकांना बँडमध्ये घ्यायचं की नाही यावरून गावात बरीच तोंडातोंडी झाली होती, पण इदालिनाने एकदा तालमीच्या खोलीत उभं राहून वाजवून दाखवलं आणि ती चर्चा तिथेच थांबली. मी बेल्मिरो. ट्यूबा वाजवतो आणि होड्या बांधायच्या कारखान्यात सुतारकाम करतो. तिच्या नि माझ्या घरात एकच भिंत. तिचा सराव मला भिंतीतून ऐकू यायचा. आमंत्रण आलं तेव्हापासून ती कुठलीच चाल शेवटपर्यंत वाजवत नव्हती. मध्येच थांबायची. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, दार उघडल्याचा, दार लावल्याचा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं. तिची आई बाल्बिना साओ जॉर्जची. लग्न होऊन इकडे पिको बेटावर, आमच्या गावात आली. इदालिना सहा वर्षांची असताना बाल्बिनाचे वडील आजारी असल्याचा निरोप आला. मुलीला सासूपाशी ठेवून, पंधरा दिवस भेटून येते असं सांगून ती चीज नेणाऱ्या बोटीतून पलीकडे गेली, ती परत आलीच नाही. त्या वर्षीची द्राक्षं काढून झाल्यावर लाउरियानो तिला आणायला गेले. दुसऱ्या दिवशी एकटेच परतले आणि थेट वरच्या टेहळणीच्या खोपीत जाऊन बसले. ते देवमाशांचे टेहळे होते. दुर्बीण डोळ्यांना लावून समुद्र न्याहाळायचा, फवारा दिसला की दारूचा बाण उडवायचा, मग खालून होड्या सुटायच्या. त्या खोपीसमोर साओ जॉर्ज आडवं पसरलेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमच्या गावात कुठल्याही घराचं दार उघडा, समोर तेच बेट. हवा स्वच्छ असली की तिकडच्या भिंतींचा चुना दिसतो. तरी लाउरियानोंच्या घरात त्या बेटाचं नाव कुणी घेत नसे. 'पलीकडे' म्हणत, आणि तेही पावसापाण्याबद्दल बोलायचं असलं तरच.

आई मेली असं इदालिनाला कुणी कधी सांगितलं नाही, आणि जिवंत आहे असंही नाही. लहानपणी आम्ही सगळी पोरं एकत्र खेळायचो. एकदा मी तिला विचारलंही होतं, तेव्हा ती म्हणाली होती की आई भेटीला गेली आहे. पुढे ते उत्तर देण्याचं तिचं वय गेलं आणि विचारण्याचं आमचं.

आमंत्रणानंतर मास्तर जेर्मानो, म्हणजे आमचे बँडमास्तर, कारखान्यात माझ्याकडे आले. इदालिना आली नाही तर पहिली क्लॅरिनेट वाजवायला कुणी नव्हतं. बाकीचे दोघे नवशिके. जरा अंदाज घे, म्हणाले. मी संध्याकाळी कुंपणापाशी तिला गाठलं आणि आडून आडून विषय काढला. तिने माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"मी येणार नाही, असं मी कुणाला म्हटलंय का?"

मी म्हटलं, नाही.

"मग विचारतोस कशाला?"

वडिलांना तिने जेवताना सांगितलं. अमांदियोकडून मला कळलं ते एवढंच, की म्हातारबा बराच वेळ घास चावत राहिले, मग म्हणाले, वारा उत्तरेचा असला तर सकाळीच निघा, आणि पाव पुढे करायला सांगितला.

आम्ही शनिवारी निघालो. बँड, बँडवाल्यांच्या बायका, वाद्यांच्या पेट्या, एक गोड पावांची टोपली, सगळं बोटीत कोंबलेलं. पाणी अगदी शांत होतं. इदालिना पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिली, मग मागच्या टोकाला, मग यंत्राच्या खोलीच्या दारात. मास्तरांनी तिला माझ्या शेजारी बसायला सांगितलं. ती बसली, क्लॅरिनेटची पेटी उघडली, सगळे तुकडे जागेवर आहेत ना पाहिलं, पेटी मिटली, उठली. मी म्हटलं, अगं, पेटीतून ते कुठे पळून जाणार आहेत. ती हसलीसुद्धा. पण बसली नाही.

मिरवणूक रविवारी होती. खिडक्याखिडक्यांतून विणलेल्या चादरी सोडलेल्या, रस्त्यावर फुलांच्या पाकळ्यांचे गालिचे, मध्ये देवमातेची मूर्ती खांद्यांवर आणि मागे आम्ही. मिरवणुकीत क्लॅरिनेटवाले पुढे चालतात, ट्यूबा मागे. त्यामुळे इदालिनाची पाठ सारखी माझ्यासमोर होती. तिची मान डावीकडे वळायची, मग उजवीकडे. प्रत्येक खिडकीत बायका होत्या, आणि प्रत्येक खिडकीत एखादी तरी साठीपलीकडची. आई कशी दिसते हे इदालिनाला आठवत नव्हतं. लग्नातला फोटो आजीने कधीच काढून टाकला होता. मग मीही बघायला लागलो. बाल्बिना गेली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो, मला तिची उंची आठवत होती आणि भरभर चालणं, बाकी काही नाही. एकीचं नाक इदालिनासारखं वाटलं, दुसरीची हनुवटी. पुढच्या दारात काळ्या कपड्यांतली एक म्हातारी उभी होती, तिने बँडकडे बघून छातीवर क्रूस केला आणि गोड हसली. तिथे इदालिनाच्या ओठांतून वाद्य सुटलं. ती चालत राहिली, पण वाजवेना. नवशिक्या दोघांनी कशीबशी चाल ओढून नेली. चर्चजवळ आलो तेव्हा तिने पुन्हा फुंकर घातली आणि क्लॅरिनेट अशी किंचाळली की मूर्तीच्या खांदेकऱ्यांतल्या एकाने मागे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत तिच्या हातून असा स्वर मी कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी चौकात दोन्ही बँड आळीपाळीने वाजवत होते. त्यांची पाळी संपली तेव्हा त्यांच्यातला एक जण आमच्या बाकापाशी आला. तिशीचा, रुंद खांद्यांचा, बगलेत कॉर्नेट. त्याने टोपी काढली आणि विचारलं, लाउरियानोंच्या इदालिना त्या तुम्हीच ना. ती हो म्हणाली.

"मी एवारिश्तो. बाल्बिनाचा."

मी उठायला लागलो तर इदालिनाने माझी बाही धरली, म्हणून बसून राहिलो.

"कुठल्या खिडकीत होती ती?" तिने विचारलं.

त्याला आधी कळलंच नाही. मग त्याने सांगितलं की आई या गावात राहत नाही. डोंगराची धार ओलांडून उत्तरेला उतरलं की कड्याच्या पायथ्याशी समुद्रालगत सपाट जमिनीचा तुकडा आहे, आम्ही त्याला फाजां म्हणतो, तिथे तिचं घर. गुडघे धरल्यापासून ती जत्रेला वर येत नाही. म्हणजे दिवसभर इदालिनाने परक्या बायकांची तोंडं न्याहाळली होती.

"मी आल्याचं तिला ठाऊक आहे?"

"आहे."

"काय म्हणाली?"

एवारिश्तो कॉर्नेटच्या कळा उगाच दाबत उभा राहिला. "म्हणाली, यायचं असलं तर वाट तिला कुणीही दाखवील."

"एवढंच?"

"एवढंच. जरा गोड करून सांगता आलं असतं मला. पण तुम्ही तिला भेटलात की ते खोटं लगेच ओळखाल."

इदालिनाने त्याला त्याचं काम विचारलं, बायकोमुलं विचारली, सगळं नीट, पाहुणीसारखं. तो दुधाच्या गाड्या चालवत होता. मग ती म्हणाली की आमची सकाळची बोट आहे, आणि उठून मुक्कामाच्या घरी निघून गेली. तिच्या वाट्याचं वाजवणं अजून उरलं होतं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी ट्यूबाकडे पाहिलं.

सकाळची बोट आलीच नाही. वारा फिरून नैर्ऋत्येचा झाला होता आणि त्या गावाचा धक्का नेमका तिकडेच तोंड करून आहे. लाटा धक्क्यावरून पार होऊन दोरखंडांच्या ढिगापर्यंत येत होत्या. आमची बोट दुसऱ्या बंदरात आडोशाला नेऊन बांधली होती. आमच्यातल्या बहुतेकांना याचं काहीच वाईट वाटलं नाही. यजमान चांगले होते, अळकुड्या आणि तळलेलं सॉसेज भरपूर होतं, वाईनही. अमांदियो गाई सोडून आला नव्हता, त्यामुळे इदालिनाला समजवायला तोही नव्हता.

ती धक्क्यावर जायची, परत यायची, पुन्हा जायची. तिथे बसलेल्या कोळ्यांना विचारायची की वारा दुपारपर्यंत पडेल का, संध्याकाळपर्यंत पडेल का. शेवटी त्यांच्यातला एक म्हणाला, बाई, तुम्ही विचारून विचारून समुद्रच कंटाळेल आणि झोपेल असं वाटतंय का तुम्हाला. बाकीचे हसले. ती तिथून आली ती थेट मास्तरांपुढे. मिरवणुकीत मी चुकले, मला बोला, म्हणाली. मास्तर म्हणाले, अगं, कोण चुकत नाही. नाही, तुम्ही मला बोलायला हवं होतं, म्हणाली. मास्तर बिचारे साधे माणूस. त्यांनी टोपी घातली आणि बाहेर गेले. मग तिने बँडमधल्या सगळ्यांचे पांढरे शर्ट गोळा करून धुवायला काढले. त्या दमट वाऱ्यात ते वाळणार नव्हते हे तिलाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी वारा तसाच. शर्ट ओलेच. शर्ट तिने पुन्हा धुतले. एवारिश्तोने मला नंतर सांगितलं की त्या दोन दिवसांत ती वरच्या रस्त्याने शेवटच्या घरापर्यंत अनेकदा आलेली लोकांनी पाहिली होती. तिथून पुढे डोंगराची वाट सुरू होते. ती तिथे उभी राहायची आणि माघारी फिरायची. झोपत नाही, असं तिच्या खोलीतल्या बायका म्हणत होत्या.

तिसऱ्या दिवशी न्याहारी चालली असताना ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बेल्मिरो, चल."

"कुठे?"

"तुला ठाऊक आहे कुठे. बुटांच्या नाड्या बांध."

चढण फार नव्हती, पण ती अशी काही चालत होती की मला बोलायला दम उरेना. दोन्ही बाजूंना निळ्या फुलांची कुंपणं, त्यांच्यामागे धुक्यात गाई. धारेवर पोचलो तर हाताचं बोट दिसेना इतकं धुकं. तिथे ती थांबली. परत जाऊ या, म्हणाली. मी म्हटलं, बरं. ती मागे वळून थोडं चाललीही. मग दगडाच्या बांधावर बसली, बूट काढला, त्यातला नसलेला खडा झटकला, बूट घातला आणि पुन्हा उत्तरेकडे निघाली. तिच्याशी तेव्हा काही बोलणं म्हणजे कुत्र्याच्या तोंडातून हाड काढण्यासारखं होतं.

उतरण मात्र कठीण होती. वाट कड्याच्या अंगावरून नागमोडी उतरत जाते, पायाखाली सुटे दगड. अर्ध्यावर धुकं संपलं आणि एकदम खाली समुद्र दिसला, थोडी काळ्या दगडांची घरं, आणि दूर क्षितिजावर ग्रासिओझा बेटाचा पुसट डाग. इदालिना एका वळणावर थांबून इकडेतिकडे बघत राहिली. काहीतरी शोधत होती.

"इथून पिको दिसत नाही," ती म्हणाली.

ते खरं होतं. मध्ये सगळा डोंगर होता.

बाल्बिना अळकुड्यांच्या वाफ्यात होती. पायांत रबरी बूट, पाण्यात उभी, वाकून अळकुड्या उपटत होती. आम्ही कुंपणापाशी आलो तशी ती सरळ झाली. सरळ व्हायला तिला वेळ लागला, एक हात कमरेवर आणि एक गुडघ्यावर. डोक्याला करड्या रंगाचा रुमाल. खिडक्यांतल्या एकाही बाईसारखी ती नव्हती. इदालिनासारखीही नव्हती, माझ्या डोळ्यांना तरी दिसली नाही. मीच टोपी काढून सांगितलं की आम्ही पिकोच्या बँडचे.

"वर धुकं होतं का?" बाल्बिनाने विचारलं.

होतं, मी म्हटलं.

तिने हात एप्रनला पुसले आणि मुलीकडे पाहिलं. "तुम्ही आलात, बरं केलंत. आत चला. पाय पुसून या, मी सकाळीच जमीन पुसली आहे."

मुलीला ती तुम्ही म्हणाली. मला ते ऐकून कसंतरीच झालं, पण दुसरं काय म्हणणार होती ते मला सांगता आलं नसतं.

स्वयंपाकघरात लांब बाक होता. मला दाराजवळ बसवलं. इदालिना बसली नाही. चुलीपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून चुलीपर्यंत फेऱ्या घालत राहिली. बाल्बिनाने पाव काढला, चीज कापलं, मक्याची भाकरी ठेवली. इदालिनाने कशालाही हात लावला नाही. मग एकदम म्हणाली, "पंधरा दिवस म्हणाली होतीस तू."

"हो."

"मग?"

बाल्बिना समोर बसली आणि तिने सांगितलं. तिने आवाज चढवला नाही, डोळ्यांतून पाणी काढलं नाही. पहिला महिना वडिलांच्या दुखण्यात गेला. मग ते वारले. मग समुद्र खवळला होता. समुद्र निवळला तेव्हा तिने गाठोडं बांधलं आणि धक्क्यावर गेली. बोट लागली, माणसं चढली, ती चढली नाही. पुढच्या बोटीलाही गेली होती. तेव्हाही चढली नाही. मग जायचंच सोडलं.

"का?"

"ते मला सांगता आलं असतं तर केव्हाच निरोप धाडला असता."

"नुसतं एवढंच सांगतेस? मी चाळीस वर्षांची बाई आहे. मला खरं काय ते सांग. बाबा मारायचे का तुला?"

"नाही. तुमच्या वडिलांनी कधी बोट लावलं नाही मला. आजीही वाईट नव्हती तुमची." बाल्बिना थांबली. "मी त्या घरात एका जागी बसू शकत नसे. दारात जायचे, आत यायचे, पुन्हा दारात. तुमची आजी म्हणायची, अगं, बस की. मला वाटायचं, बसले तर कायमची बसेन. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी मी बसले. वडील मरायला टेकलेले आणि मी पायरीवर बसून बटाटे सोलत होते, आणि मला बरं वाटत होतं. त्याची मला लाज वाटली. अजून वाटते. पण परत गेले नाही."

लाउरियानो न्यायला आले तेव्हा तिने त्यांना वरून, रस्त्यावरून पाहिलं होतं. ते धक्क्यावर उभे होते. ती खाली उतरली नाही. तशीच धार ओलांडून इकडे, फाजांमधल्या मावशीकडे आली. पुढे शेजारच्या विधुराचं घर सांभाळायला लागली, मग एवारिश्तो झाला. लग्न करता येत नव्हतं, तेव्हा तसंच राहिली. तो माणूसही आता नव्हता.

"माझी खबर कळायची तुला?"

"सगळी. चीजवाले सांगायचे. तुम्हाला गोवर झाला होता तेव्हाही कळलं. लग्नाचं कळलं."

"आणि एकदाही आली नाहीस."

मी दारातून बाहेर बघत होतो. मला वाटलं, आता म्हणेल की आले होते, गुपचूप, लांबून पाहून गेले. माणसं असंच काहीतरी म्हणतात. इदालिनाही बहुधा त्याचीच वाट बघत होती, कारण तिच्या फेऱ्या थांबल्या होत्या.

"नाही," बाल्बिना म्हणाली. "एकदाही नाही."

इदालिना बाकावर बसली. कुणीतरी खाली ओढावं तशी. टेबलावर कोपर टेकले, तळव्यांत तोंड घेतलं. मला वाटलं रडते आहे. बाल्बिनालाही वाटलं असणार, कारण ती अर्धी उठली आणि पुन्हा बसली. थोड्या वेळाने आमच्या लक्षात आलं की ती रडत नाहीये. तिला झोप लागली होती. रविवारपासून ती झोपलेली नव्हती, आणि आता टेबलावर डोकं टेकून, तोंड किंचित उघडं टाकून, चारचौघांसारखी घोरत होती.

"उठवू नका," बाल्बिना मला म्हणाली. तिने आपली शाल काढून मुलीच्या पाठीवर टाकली, पण हात मात्र लावला नाही. मग शेंगांची टोपली आणून माझ्यापुढे ठेवली आणि आम्ही दोघं शेंगा सोलत बसलो. मधूनच ती दबक्या आवाजात काहीतरी विचारायची. नवरा पितो का. मुलं कशी आहेत. कॅनडात गेलेला मुलगा पैसे पाठवतो की नुसतीच पत्रं. क्लॅरिनेट खरंच चांगली वाजवते का, की लोक आपले म्हणतात. मी म्हटलं, आमच्या अख्ख्या बेटावर तिच्या तोडीचं कुणी नाही. ती शेंगा सोलत राहिली. मग विचारलं, "ते अजून वर खोपीत बसतात?"

मी म्हटलं, बसतात, देवमाशांच्या होड्या आता क्वचित निघतात, पण ते बसतात.

"पहिल्या वर्षी मला वाटायचं, दुर्बिणीतून मीच दिसत असेन त्यांना. कपडे वाळत घालायलासुद्धा नको वाटायचं. म्हणून डोंगराच्या या बाजूला राहिले."

इदालिना जागी झाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ती आधी गोंधळली, मग भयंकर चिडली. माझ्यावर, की मला झोपू का दिलंस. शालीवर. स्वतःवर. इतक्या वर्षांनी आले आणि झोपले, म्हणाली. बाल्बिना म्हणाली, चालून आल्यावर झोप लागते, त्यात काय एवढं. इदालिनाने तिच्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता काहीतरी फेकून मारेल. त्याऐवजी तिने टेबलावरचा पाव उचलला आणि उभ्या उभ्या अख्खा खाल्ला, चीजही खाल्लं. ती जेवते आहे म्हणून मीही जेवलो.

धुकं पुन्हा उतरायच्या आत वर पोचायला हवं होतं. बाल्बिना कुंपणापर्यंत आली. कुणी कुणाला मिठी मारली नाही. इदालिना काहीतरी बोलेल म्हणून मी थोडा पुढे जाऊन थांबलो, पण ती तशीच माझ्यामागून चालत आली. तेवढ्यात मागून हाक आली.

"दुसऱ्या वळणावर उजवीकडून जा तू. डावीकडची वाट पावसाळ्यात ढासळली आहे."

इदालिना वळली नाही. हात मात्र वर केला, ऐकलं म्हणून. आणि उजवीकडून गेली.

वारा त्याच संध्याकाळी पडला आणि सकाळी बोट लागली. पाण्यात अजून खळबळ होती, अर्धा बँड कठड्यावर ओणवा होता. आमच्या धक्क्यावर बरीच माणसं जमली होती, अमांदियो होता, आणि सगळ्यांच्या मागे लाउरियानो. ते धक्क्यावर कधी येत नसत. त्यांनी मुलीच्या हातातून क्लॅरिनेटची पेटी घेतली. इदालिना म्हणाली, "आई भेटली." ते हं म्हणाले आणि चालू लागले. दोघं बापलेक चढण चढून गेली, आम्ही मागून. नंतर कधीतरी ते कारखान्यात आले होते, तेव्हा मी माझ्याकडून सांगितलं की बाल्बिना ठीक आहे, फक्त गुडघे दुखतात. त्यांनी माझ्यासमोरची फळी उलटसुलट करून पाहिली. "गुडघे तिचे तेव्हापासूनच दुखायचे," म्हणाले. "ही चढण तिला झेपत नसे."

इदालिना शांत झाली का, असं मला बायका विचारायच्या. नाही झाली. भिंतीपलीकडून अजूनही खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. हिवाळ्यात ती आईवर संतापायची आणि तो संताप अमांदियोवर निघायचा. कशी बाई आहे, म्हणायची, खोटं बोलायचीसुद्धा तसदी घेत नाही. आणि पुढच्या जूनमध्ये एक दिवस तिने पिशवी भरली, गाईंचं काय करायचं ते नवऱ्याला समजावलं आणि म्हणाली, आठ दिवस भेटून येते.

हे शब्द तिच्या तोंडून निघाले आणि गावभर पसरले. आठ दिवस कसेबसे गेले. ठरल्या दिवशी बोट आली आणि तीत इदालिना नव्हती. अमांदियो म्हणाला, काही कारण झालं असेल. त्याच्या तोंडावर रंग उरला नव्हता. पुढचे दोन दिवस समुद्र खराब होता, बोटच नाही. अमांदियो दूध काढून झालं की माझ्याकडे यायचा, रंध्याच्या कपच्या पायाने सारत उभा राहायचा आणि जायचा. बायका कुजबुजायच्या आणि तो दिसला की गप्प व्हायच्या. लाउरियानो खोपीतून खाली जेवायलाही येईनात. डबा वर पोचवावा लागायचा. कारखान्यात आमचंही लक्ष लागेना. मास्तर उगाचच बँडची तालीम लवकर बोलवायचे आणि मोकळ्या खुर्चीकडे बघून पुढे ढकलायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी वरून दारूचा बाण उडाला. आम्ही सगळे बाहेर धावलो, होडीवाले वल्ह्यांकडे धावले. पण फवारा कुठेच दिसला नाही. पलीकडून एक बोट निघाली होती, तिला पाहून म्हाताऱ्याने बाण उडवला होता. होडीवाल्यांनी वर बघून शिव्या घातल्या, मग तेही आमच्याबरोबर धक्क्यावर येऊन उभे राहिले.

बोट लागली तेव्हा इदालिना पुढेच उभी होती, एका हातात पिशवी, दुसऱ्यात अळकुड्यांची गच्च भरलेली गोणी. धक्क्यावर एवढं गाव लोटलेलं बघून ती चपापली.

"काय झालं?" तिने विचारलं. "कोण गेलं?"

अमांदियोने पुढे होऊन गोणी घेतली. ती खांद्यावर चढवायला त्याला दोनदा उचलावी लागली, ते तिने पाहिलं आणि मग आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, एकेक करून. तिला कळलं. नवऱ्याच्या शर्टाची उलटी दुमडलेली कॉलर तिने सरळ केली, लाल गाय व्यायली का ते विचारलं, आणि दोघं चढणीला लागली.

संध्याकाळी ती तालमीला आली. दहा-अकरा दिवस वाद्याला हात लागला नव्हता, त्यामुळे सुरुवातीला दोनदा चुकली. या वेळी मास्तर तिला चांगलंच बोलले.